खालच्या घरची मेणबत्ती

रेगेन्सबर्गच्या मराठी मंडळात कुणी नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "तुम्ही कुठे, प्लांटमध्ये की युनिव्हर्सिटीत?" मी म्हणायचे, "चर्चच्या आवारात, थडग्यांमध्ये." समोरचं माणूस जरा मागे सरायचं आणि आमचे हे घाईघाईने खुलासा करायचे, "अहो, ती जुन्या दगडांची डागडुजी करते." हे स्वतः मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांच्याकडे सगळं नवं आणि एकसारखं, माझ्याकडे यायचं ते सगळं जुनं, फुटकं आणि एकाचं दुसऱ्याला न लागणारं. कामावरून आमचं घरात कधी भांडण झालं नाही, कारण एकमेकांचं काम एकमेकांना कळतच नव्हतं.

मी पुण्यात भूशास्त्र शिकले आणि लग्न होऊन इथे आले. जर्मन येत नव्हतं, म्हणून म्हटलं, दगडाला कुठली भाषा लागते? एका कार्यशाळेत शिकाऊ म्हणून शिरले. दगडाला नाही, पण दगडाच्या मालकांना भाषा लागते आणि ती पाठ्यपुस्तकातली जर्मन नसून खेड्यातली बवेरियन असते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तोवर छिन्नी हातात बसली होती. ती मी निवृत्त होईपर्यंत सुटली नाही.

आमचा धंदा थोडक्यात सांगते. दगड पाणी पितो. हिवाळ्यात ते पाणी आत गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जमिनीतले क्षार वर चढतात ते वेगळंच. म्हणून आधी बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचं. भरीव आवाज आला तर बरं, पोकळ आला तर आत काहीतरी सुटलंय. क्षार ओढून घ्यायला कागदाच्या ओल्या लगद्याचं पोटीस बांधायचं. फट असेल तर चुना भरायचा, सिमेंट कधीच नाही. सिमेंट दगडाहून कडक असतं, ते पाणी आत कोंडतं आणि शेवटी दगडालाच फोडतं. माझं निम्मं आयुष्य आधीच्या उत्साही मंडळींनी प्रेमाने भरलेलं सिमेंट उकरण्यात गेलं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एका गृहस्थांनी आजोबांचं थडगं प्रेशर वॉशरने इतकं स्वच्छ धुतलं की आजोबांचं नावच निघून गेलं. ते माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "नाव परत आणून द्या." ब्यॉब्लिंगेनहून एक मराठी जोडपं दगडी गणपती मांडीवर घेऊन आलं होतं, विमानात त्याची सोंड तुटली होती. मी म्हटलं, जोडते. त्यावर जोडलेली मूर्ती पूजेला चालते का, हा प्रश्न निघाला. फोनवर सासू, माहेरची आई आणि नाशिकचे एक गुरुजी, अशी परिषद भरली. निकाल लागेपर्यंत माझा डिंक वाळून गेला. गणपती अखेर जोडून काचेच्या कपाटात बसला आणि मला बेसनाचे लाडू मिळाले.

पण मला खरं सांगायचंय ते एका क्रूसाबद्दल.

आमच्या भागात चर्चच्या आवारात, नाहीतर जुन्या वाटांच्या कडेला, बुटके जाडजूड दगडी क्रूस दिसतात. माणसाच्या कमरेएवढे, आखूड हातांचे, नाव नाही, गाव नाही. परक्याला वाटतं, थडगंच असेल. थडगं नव्हे. यांना झ्यूनेक्रॉइत्स म्हणतात, म्हणजे प्रायश्चित्ताचा क्रूस. मध्ययुगात एखाद्याने रागाच्या भरात कुणाचा खून केला, तर पुष्कळदा दोन्ही घरं बसून तोड काढत. मारणाऱ्याच्या घराने चर्चला मेण द्यायचं, मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणवून घ्यायच्या आणि एक दगडी क्रूस उभा करायचा. त्यापुढे सूड नाही. मेलेला बिचारा शेवटचे संस्कार न होता गेलेला असायचा, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याने क्रूसापाशी थांबून त्याच्यासाठी दोन शब्द म्हणावेत, अशी सोय. आपल्याकडच्या वीरगळांसारखाच हा दगड, फक्त इथे लढाई नव्हती आणि वीरही कुणी नव्हता.

ज्या क्रूसाबद्दल सांगतेय तो रेगेन्सबर्गजवळच्या एका लहान गावातल्या चर्चच्या आवारात होता. त्याच्यावर नांगराचा फाळ कोरलेला. गावाचं म्हणणं असं, की बांधावरून भांडण झालं आणि खालच्या घरच्या माणसाने वरच्या घरच्या माणसाला मारलं. कागद कुठेच नाही. पण दोन्ही घरं अजून गावात होती आणि कुठल्या घराचं काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात वादळाने तिथल्या लिंडनच्या झाडाची फांदी पडली आणि क्रूसाचा एक हात तुटला. पुरातन वास्तूंच्या कचेरीने मला पाठवलं. मी पोचले तेव्हा चर्चच्या कारभारी मंडळाचे प्रमुख आलोइस तिथे उभेच होते. सत्तरी गाठलेले, उंच, कमी बोलणारे. हे वरच्या घरचे.

"फ्राऊ मोहिते," ते म्हणाले, "आल्झो," म्हणजे तर मग, हा त्यांचा ठरलेला शब्द, "तुम्ही तो तात्पुरता जोडा. शरद ऋतूत मंडळाची बैठक आहे. मी सुचवणार आहे की क्रूस जिल्ह्याच्या संग्रहालयात द्यावा. कोरडा राहील."

म्हणणं चूक नव्हतं. दगड खालून भिजलेला होता. मी मान डोलावली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मग मेणबत्ती कुठं लावू, म्युझियममध्ये?"

ही त्सेंटाबाई. खालच्या घरची शेवटची. ऐंशीच्या पुढची, लहानखुरी, निळा एप्रन, हातात काठी. बवेरियन खेड्यातल्या म्हाताऱ्या कुणालाही अहोजाहो करत नाहीत, तिने मलाही पहिल्या क्षणापासून अरेतुरे केलं आणि मला बरं वाटलं. आलोइस निघून गेले.

मग तिने सांगितलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतं, दुकानात मिळणारे लाल डब्यातले. त्या संध्याकाळी खालच्या घरच्या बाईने या क्रूसापाशी मेणबत्ती लावायची. स्वतःच्या घरच्या मधमाश्यांच्या मेणाची, पिवळी, डब्याशिवाय. तिच्या सासूने लावली, सासूच्या सासूने लावली. कुठपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आमच्यानं मेला तो," त्सेंटाबाई म्हणाली. "घरानं शब्द दिलाय. माझ्यानंतर कोणी नाही, ते मला कळतं. पण मी आहे तोवर क्रूस इथंच पाहिजे. तू सांग ना त्यांना, दगड इथं टिकेल म्हणून."

मी तिला म्हटलं, आधी दगडाला विचारू दे. ते ऐकून ती हसली, पण डोळे हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याकडून आमच्याकडे आल्या होत्या. सून परदेशात नेमकं काय करते, हे बघायचंच असा त्यांचा हट्ट. तुटलेला हात मी आतून सळई घालून बसवला होता, त्या दिवशी सांधा चुन्याने भरायचा होता. त्यांना घेऊन गेले. मी काम करत होते, त्या आणि त्सेंटाबाई एका बाकावर बसल्या होत्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि गप्पा चालू होत्या.

"कुणाची समाधी गं ही?" सासूबाईंनी विचारलं.

मी सगळी गोष्ट सांगितली.  त्या त्सेंटाबाईकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे मारणाऱ्याच्या घरची बाई मेलेल्याला दिवा लावती? आन् कुणी सांगितलं नसताना?"

"सांगितलं होतं आई, पण सांगणारे केव्हाच गेले."

"मंग झालंच की," त्या म्हणाल्या.

चुना भरला. तो लवकर वाळू नये म्हणून सांध्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या नळावर हत्यारं धुवायला गेले. परत आले तर दोघी शहाण्यासारख्या बाकावर बसलेल्या. गोणपाटावर सकाळी पाणी मारायचं काम चर्चची देखभाल करणाऱ्या मेस्नरवर सोपवलं आणि आम्ही घरी आलो.

सकाळी मेस्नरचा फोन.  "फ्राऊ मोहिते, लगेच या. क्रूसातून रक्त येतंय."

मी गेले तेव्हा अर्धं गाव आवारात जमलं होतं. गोणपाट बाजूला पडलेलं, आणि जोडलेल्या हाताखालून लालभडक ओघळ थेट नांगराच्या फाळापर्यंत आलेला.  कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आलोइस सगळ्यांच्या पुढे, चेहरा पांढराफटक. मी वाकून बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि थेट माझ्या स्वयंपाकघराचा वास आला.

हळद. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आपलं कुंकू पूर्वी असंच तर करायचे. ताज्या चुन्यावर हळद आणि वरून मेस्नरने मारलेलं पाणी, म्हणजे पाककृतीत काहीच कमी नव्हतं. मी यांना फोन लावला आणि आईंना द्या म्हटलं.

"अहो आई, काल तुम्ही क्रूसाला हळद लावलीत?"

"लावली की. पर्समदी पुडी व्हती. शेंदूर कुठनं आणू हितं? ते गोणपाट उचाकलं, जखमंवर लावली आन् परत झाकलं. का, काय झालं?"

गर्दीत मागून त्सेंटाबाई म्हणाली, "मी बघितलं. त्या इंडियन आजीनं त्याला काहीतरी दिलं. मला वाटलं, औषध असेल."

आमचे हे सासूबाईंना गाडीत घालून घेऊन आले. सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या बादलीतला चिमूटभर चुना खापरीवर घेतला, त्यावर हळद टाकली, पाण्याचे दोन थेंब सोडले आणि लाल झालेली खापरी वर धरली. आधी मेस्नर हसला, मग बाकीचे. एका बाईने हळद किती दिवस टिकते ते विचारलं आणि पुडीचा वास घेतला. मी समजावून सांगितलं की उन्हाने हळदीचा रंग उडतो, दगडाला अपाय नाही. मनातून मात्र सासूबाईंना दोन शब्द ऐकवायचे ठरवून ठेवले होते, ते नंतर राहूनच गेले.

आलोइस हसले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "पण त्यांनी ते का केलं?"

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात मारुतीच्या देवळाम्होरं लढाईत मेलेल्यांचं दगड हायेत. त्यांना आम्ही कोरडं ठेवत न्हाई. सणाला शेंदूर लावतो, तेल लावतो. ह्यो बी माणूसच. हात तुटलेला, उघडा. मला बघवंना."

मी भाषांतर केलं. आलोइस ऐकत होते. मग सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. हा वरच्या घरचा, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. "आन् ह्येंला विचार, ह्येंच्या घरचं माणूस मेलं ना? मंग ह्येंनी कधी काय लावलं त्याला?"

मी आयुष्यात कचेऱ्यांचे कसले कसले नियम भाषांतरित केले आहेत, पण या वाक्याला माझी जीभ अडली. सासूबाई वाट बघत होत्या, तेव्हा सांगावंच लागलं. आलोइस म्हणाले, "ते आमचं काम कधीच नव्हतं. ते त्यांच्या घराचं काम." सासूबाई "असंल" म्हणाल्या आणि पदर सावरून बाकावर जाऊन बसल्या.

शरदातल्या बैठकीत मी माझं मत मांडलं. दगडाला मी विचारलं होतं आणि त्याचं उत्तर मधलं होतं. क्रूस जमिनीतून उचलून खाली खडी घालायची, म्हणजे ओल चढणार नाही. हिवाळ्यात वरून लाकडी पेटी बसवायची. एवढं केलं तर तो जागेवर टिकेल, पण संग्रहालयाइतका नाही. नक्षीची धार हळूहळू जाईल. दगडाची राखणदार म्हणून मला संग्रहालयच बरं वाटत होतं, हे मी लपवलं नाही. त्सेंटाबाई मागच्या खुर्चीवर काठी धरून बसली होती. तिच्याकडे बघण्याचं मी टाळलं.

सगळे आलोइसकडे बघू लागले. त्यांनी टेबलावरचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आल्झो. राहू दे तिथंच. पेटी मात्र मेणबत्ती लावून झाल्यावर बसवा."

त्सेंटाबाईने मला दारात गाठलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात छिन्नी धरणाऱ्या माझ्या हातांपेक्षा खरखरीत होते. "या नोव्हेंबरला तू पण ये," म्हणाली.

आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती स्वतःच्याच अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि तिला रेगेन्सबर्गजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी भेटायला गेले तर पांघरुणाबाहेर नुसता चेहरा दिसत होता. ती एकच गोष्ट बोलत होती. "यंदा कोणी नाही लावणार. इतकी वर्षं झाली, आणि माझ्यावर येऊन तुटलं." मी म्हटलं, मी लावते. तिने मान हलवली. "तू त्या घरची नाहीस गं. तुझी सासू देऊ शकते, तिनं मनानं दिलं. पण हा शब्द आहे. शब्द घरानंच पाळायचा."  मी कितीतरी तुटलेले दगड जोडले, पण या बाईचं जे तुटत होतं त्याला माझ्याकडे चुना नव्हता. त्याची रुखरुख घेऊनच घरी आले.

नोव्हेंबरच्या त्या दिव्यांच्या संध्याकाळी मी तरीही गेले, पेटीची मापं घ्यायची आहेत असं स्वतःला सांगून. आवारभर लाल दिवे लागले होते, लोक परतत होते, धुकं पडायला लागलं होतं. क्रूसापाशीही एक दिवा होता. दुकानातला, लाल डब्यातला. आणि शेजारी टोपी हातात धरून आलोइस उभे होते.

मला बघून ते दचकले नाहीत. नुसते म्हणाले, "तिला सांगू नका."

"का? तिला बरं वाटेल."

"तिला वाटेल, आता तिची गरज उरली नाही." ते थांबले. "मागच्या नोव्हेंबरला ती या उतारावर घसरली होती. मी खिडकीतून बघितलं. धावत आलो, तोवर ती उठून मेणबत्ती लावत होती. म्हणून मला हा क्रूस इथून हलवायचा होता. क्रूसच नसला तर ती येणार नाही, पडणार नाही. मी एक शब्द बोललो असतो, त्सेंटा, पुरे झालं आता, आमच्या घराचं काही म्हणणं नाही, तर ती सुटली असती. पण मग ती नोव्हेंबरमध्ये काय करणार?"

इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटत आलं होतं की या माणसाला त्या दगडाची लाज वाटते. "नाही सांगत," मी म्हटलं. मी मापं न घेताच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात गेले. त्सेंटाबाई उशीला टेकून बसली होती.

"गेली होतीस?"

"हो."

"होता काही उजेड?"

शब्द दिला होता आणि खोटंही बोलवत नव्हतं. "होता," मी म्हटलं.

"पिवळी, की लाल?"

"लाल."

ती खिडकीकडे बघत राहिली. लाल दिवा या क्रूसापाशी त्यापूर्वी कधी लागला नव्हता, आणि खालच्या घराखेरीज तिथे दिवा लावण्याचा हक्क असलेलं गावात एकच घर होतं, मेलेल्याचं. माझ्याइतकंच तिलाही ते ठाऊक होतं. तिने कोण म्हणून विचारलं नाही. एप्रनचा शोध घेतल्यासारखे तिचे हात पांघरुणावरून फिरले आणि तिने उशीखालून घराची किल्ली काढून मला दिली.

"स्वयंपाकघरातलं कपाट. खालच्या फळीवर निळ्या कापडात मेणबत्त्या आहेत. दर हिवाळ्यात जास्तीच्या करून ठेवते. त्या नेऊन दे. म्हणावं, लाल डबा नको, मेणाची लाव. आणि भिंतीच्या बाजूनं ठेव, वारा लागत नाही."

कुणाला नेऊन द्यायच्या, ते तिने सांगितलं नाही.

तिच्या कपाटातलं गाठोडं घेऊन मी तशीच वरच्या घरी गेले. दार आलोइसनीच उघडलं. निळं गाठोडं बघून ते उंबऱ्यातच थबकले. मी म्हणायला लागले, "मी तिला काही..." पण त्यांनी गाठोडं हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि मेणाचा वास ओळखला. 

मग त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूनं ठेवते ती?"

"भिंतीच्या," मी म्हटलं.